स्वर्गाच्या दाराशी थांबलेला श्वान

गेल्या पौष महिन्यात काही दिवस माझा मुक्काम चंडीगड येथे धाकट्या चुलतभावाच्या घरी होता. नगराच्या कडेस, मनीमाजरा आणि किशनगढ या जुन्या वस्त्यांना लागून, संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांचा जो मोठा परिसर वसला आहे, त्यास तेथील लोक ‘आयटी पार्क’ म्हणतात. भाऊ तेथे नोकरीस आहे आणि जवळच एका दुमजली घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन राहतो. खालच्या मजल्यावर घराच्या मालकीणबाई एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे गेलेले. लहानथोर सारे त्यांना ‘बीजी’ म्हणतात.

एके दिवशी संध्याकाळी भावाचा नऊ वर्षांचा मुलगा बाहेरून आला तो अंगातील स्वेटर पोटाशी घट्ट धरून. आत कुत्र्याचे पिल्लू होते. पंजाबातील पौषाची थंडी आपल्याकडील लोकांस सहसा कल्पनेनेच ठाऊक असते; धुक्याने दहा पावलांवरचे दिसत नव्हते आणि ते पिल्लू थरथर कापत होते. मुलगा म्हणाला, “आई, याला कोणी नाही. आता हे माझे.” आईने वाटीत कोमट दूध दिले. मुलाने आपली शाल त्यावर घातली. रात्री भाऊ घरी आला, त्याने हा सोहळा पाहिला, आणि काही न बोलता कपाटातून भाडेकराराचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात एक कलम स्पष्ट होते: भाडेकरूने घरात कोणताही प्राणी ठेवू नये. खाली भावाची सही होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका सद्गृहस्थांनी तोड सुचविली. ते म्हणाले, “गच्चीवर ठेवा. बीजींचे गुडघे दुखतात, त्या जिना चढत नाहीत. भुंकण्याचा आवाज आलाच तर पलीकडच्या घरातला आहे म्हणून सांगा.” सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. त्या भागात असे अनेकजण करतात असेही कळले. भावाचे मन अर्धे वळले होते. तो मला म्हणाला, “दादा, तुमचा शास्त्राचा अभ्यास आहे. एका जिवासाठी एवढे असत्य चालणार नाही का? प्राणसंकटात असत्याचा दोष नाही, असे महाभारतातच आहे ना?”

मुलगा जवळच बसला होता. त्याच्याजवळ त्याचे स्वतःचे प्रमाण होते. सकाळी माझ्या पाठाच्या वेळी पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकाचा अर्थ मी त्यास सांगितला होता: विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्या ठायी ज्ञानी पुरुष सारखेच पाहतो. मुलाने विचारले, “काका, गीतेत कुत्र्याचे नाव आहे, मग आपल्या कागदात कुत्र्याला ‘नाही’ का?”

वाचकहो, या प्रश्नास एक ठरलेले उत्तर आहे. समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे. आत्मदृष्टीने सर्व एक असले तरी व्यवहारात गाईस चारा आणि मनुष्यास अन्न द्यावे लागते, असे आपण म्हणतो. उत्तर खरे आहे. परंतु आपण ते बहुधा अशा वेळी देतो, की जेव्हा समदर्शनाची झळ आपल्या सोयीला लागू लागते. म्हणून मी ते त्या मुलास दिले नाही. मी त्याला म्हणालो, “तू पिलाकडे पाहिलेस हे चांगले केलेस. पण सारखे पाहावयाचे तर बीजींकडेही पाहिले पाहिजे. त्या श्लोकातून त्यांना वगळलेले नाही.” त्यावर तो गप्प झाला, पटले म्हणून नव्हे, रागावून.

आता भावाच्या शंकेकडे येतो. प्राणसंकटी असत्याची जी सूट स्मृतिकारांनी आणि महाभारताने सांगितली आहे, ती खरीच आहे. कर्णपर्वातील कौशिकाची कथा सर्वांस ठाऊक आहे: सत्य बोलण्याचा हट्ट धरून त्याने दडून बसलेल्या लोकांची वाट दरोडेखोरांस दाखविली आणि तो नरकास गेला. पण ही सूट कोणत्या प्रसंगी आहे? जेथे सत्य बोलताच प्राण जातो आणि दुसरा मार्ग उरत नाही, तेथे. आमच्या प्रसंगी सत्य अद्याप कोणी बोलूनच पाहिले नव्हते. बीजींस कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. ज्या सत्याचा परिणाम आपणास माहीतच नाही, ते घातक आहे असे आधीच ठरविणे याला प्राणसंकट म्हणत नाहीत. याला संकोच म्हणतात, आणि त्या संकोचाच्या मुळाशी नकार ऐकण्याचे भय असते. शिवाय हे असत्य कशाच्या आधारावर उभे राहणार होते? एका वृद्ध स्त्रीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास एक सवय जडते. शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसला आहे, हे तो पाहतो. सोळाव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात दैवी संपत्तीचे गुण मोजले आहेत. तेथे सत्य आणि भूतदया एकाच श्लोकात आहेत, आणि भूतदयेच्या पाठोपाठ अलोलुपता आली आहे. दयेसाठी सत्य सोडावे की सत्यासाठी दया, असा वाद आपण घालतो. परंतु तेथे निवड करावयास सांगितलेलेच नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सुरू होतात तेथेही असेच आहे. सर्व भूतांविषयी द्वेष नसलेला, मित्रभावाचा, करुणावान, असे म्हटल्याबरोबर पुढचे विशेषण येते: ‘निर्मम’. ज्याच्या ठायी करुणा आहे आणि ‘माझे’ नाही, तो. या जोडीने पूर्वी मला नुसते व्याकरणापुरते थांबविले होते. त्या दिवशी “याला कोणी नाही, आता हे माझे” हे मुलाचे वाक्य ऐकले आणि ती जोडी वेगळी दिसली. वाक्याचा पहिला अर्धा भाग करुणेचा आहे आणि दुसरा ममतेचा. दोन्ही एका श्वासात येतात, आणि नऊ वर्षांच्या मुलाने ते निराळे करावेत अशी अपेक्षा कोणी करू नये. ते काम वडीलधाऱ्यांचे आहे.

येथे कोणी जडभरताची कथा काढील. घरात प्राणी नको असला की आपल्या आज्या-आजोबांस ही कथा हटकून आठवते. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजा गंडकीच्या तीरी तप करीत असता सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली हरिणी उडी घेते, मरते, आणि तिचे पाडस प्रवाहात पडते. भरत ते उचलतो, त्यात गुंततो, आणि पुढचा जन्म हरिणाचा घेतो. कथेचा उपयोग मुलास भीती घालण्यासाठी करणे मला योग्य वाटत नाही. भागवताने पाडस पाण्यातून उचलण्याला कोठेही दोष दिलेला नाही. दोष पुढे येतो. भरताची नित्यकर्मे एकेक करून सुटतात, पाडस क्षणभर दिसेनासे झाले तर त्याचा जीव व्याकूळ होतो, आणि अंतकाळीही त्याचे चित्त तेथेच अडकलेले असते. बुडणाऱ्यास हात देऊ नये असा त्या कथेचा अर्थ करणारा मनुष्य कथेहून निर्दय असतो.

मला अधिक जवळची वाटते ती महाप्रस्थानिकपर्वातील कथा. ती सर्वांस पाठ आहे म्हणूनच तिच्याकडे नीट पाहिले जात नाही. पांडव हस्तिनापुराहून निघाले तेव्हाच एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागला. द्रौपदी पडली, चारी भाऊ एकामागून एक पडले. युधिष्ठिर पुढे चालत राहिला आणि कुत्रा त्याच्यामागे. इंद्र रथ घेऊन आला. कुत्र्यास बरोबर घेऊ द्यावे असे युधिष्ठिराने म्हणताच इंद्राने नियम सांगितला: कुत्रे बाळगणाऱ्यांस स्वर्गात स्थान नाही. म्हणजे प्राण्यांस मज्जाव करणारे पहिले घर चंडीगडात नव्हे, स्वर्गातच होते! इंद्राने युक्तिवादही केला की भावांस आणि पत्नीस सोडलेस, मग या श्वानास सोडण्यास काय हरकत आहे? युधिष्ठिराचे उत्तर असे की ते मृत झाले होते, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. ते जिवंत असता मी त्यांना सोडले नाही. शरण आलेल्यास शत्रूच्या हाती देणे, स्त्रीचा वध, ब्राह्मणाचे धन हरण करणे आणि मित्रद्रोह, या चार पातकांच्या तोलाचे पाचवे एक आहे, ते म्हणजे भक्ताचा त्याग. आणि तो माझ्या हातून होणार नाही.

आता युधिष्ठिराने काय केले नाही ते पाहावे. त्याने कुत्रा उत्तरीयाखाली झाकून रथात नेला नाही. ‘हा माझा नव्हे, वाटेतला आहे’ असे इंद्रास सांगितले नाही. ज्याचे घर आहे त्यास आपला नियम करण्याचा अधिकार नाही, असाही वाद घातला नाही. आणि कुत्र्यास हाकलले तर नाहीच. तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, मग मला स्वर्ग नको. स्वर्गाच्या मालकाशी तो खरे बोलला, कुत्र्याशी निष्ठेने वागला, आणि या दोहोंची जी किंमत पडली ती त्याने स्वतः भरावयाची ठरविली. आपण मात्र शक्यतो ही किंमत दुसऱ्या कोणाकडून वसूल करतो. लपविले तर घरमालकाकडून, आणि नंतर सोडून दिले तर मुक्या प्राण्याकडून.

आणखी एक बारकावा आहे. युधिष्ठिरावर बंधन केव्हा आले? तो कुत्रा हस्तिनापुराहून मागे आला आणि त्याला येऊ दिले गेले, तेव्हा. सोबत स्वीकारली की त्याग हे पातक होते. स्वीकारण्यापूर्वी मनुष्य मोकळा असतो. म्हणून प्राणी घरात घेण्याचा खरा विचार त्यास घरात घेण्यापूर्वीच करावयाचा असतो. उत्तर हिंदुस्थानातील अशा नगरांत भाडेकरार सामान्यतः अकरा महिन्यांचा असतो, कारण एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीच्या कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. कुत्र्याचे आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे. अकरा महिन्यांच्या छपराखाली बारा वर्षांचा शब्द द्यावयाचा, तर देणाऱ्याने आपली ताकद आधी मोजली पाहिजे. आपला कायदाही, आश्चर्य असे की, युधिष्ठिराच्याच बाजूने बोलतो. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० यात भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास वाऱ्यावर सोडणे हा अपराध गणला आहे. त्यात पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला आहे! महाभारताने जे पातक ब्रह्मस्वहरणाच्या बरोबरीचे मानले, त्याचे मोल एका जेवणाच्याही खाली आले.

भावाने तेव्हा असेही सांगितले की रहिवाशांच्या संस्थांना कुत्री पाळण्यास बंदी घालता येत नाही, असे कोठेतरी वाचले आहे. तेही खरे आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात, बहुमताने ठराव करूनही अशा संस्थेस पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे म्हटले आहे. परंतु शेजाऱ्यांची संस्था वेगळी आणि ज्याच्या छपराखाली आपण राहतो तो घरधनी वेगळा. येथे कोणी बहुमताने काही लादलेले नव्हते. कलम वाचून, कबूल करून भावाने स्वतः सही केली होती. कायद्यातील फट शोधून दिलेल्या शब्दातून निसटता येत असेलही. मुलगा मात्र ते पाहत होता.

शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ, मुलगा आणि मी असे तिघे खाली गेलो. पिल्लू मुलाच्या हातातच होते. भावाने सरळ सांगितले की हे दोन रात्री आमच्या घरी आहे, करारात नाही हे ठाऊक आहे, ठेवण्याची परवानगी मागावयास आलो आहोत. बीजींनी पिलाच्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, “नाही.” मग आम्हास बसवून चहा दिला आणि कारण सांगितले. आमच्यापूर्वी वरच्या मजल्यावर जे भाडेकरू होते त्यांनी एक कुत्रा आणला होता, त्यांच्याच परवानगीने. दोन वर्षांनी त्यांची बदली दक्षिणेत झाली आणि ते कुत्र्यास गच्चीवर बांधून निघून गेले. बीजी जिना चढत नाहीत. दोन दिवस तो ओरडत होता. त्यांना वाटले, माणसे वरच आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोणास तरी वर पाठविले. तो जगला, पण त्यानंतर चार महिने तो त्यांच्या दाराशी बसून जिन्याकडे पाहत असे. ते कलम त्यानंतर करारात आले. त्या म्हणाल्या, “बेटा, मला कुत्र्यांचा राग नाही. मला भाडेकरूंचा भरवसा नाही.”

आम्ही ज्या कलमास कठोरपणा समजत होतो, ते एका त्यागलेल्या श्वानाच्या बाजूने लिहिलेले होते, हे मला त्या खोलीत बसून कळले. माझ्या शास्त्राभ्यासाने ते आधी सुचविले नव्हते, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

बीजींनी मुलास आणखी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कोणासही सुचला नव्हता. “हे उचललेस कोठून? याची आई कोठे आहे?” मुलाने जागा सांगितली. आम्ही तेथे गेलो. एका अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या आडोशास एक तपकिरी कुत्री आणखी तीन पिलांसह पडलेली होती. आम्हास पाहून ती गुरगुरली. पिल्लू खाली ठेवल्याबरोबर तिने त्यास चाटावयास आरंभ केला. “याला कोणी नाही” हे वाक्य चूक होते. मुलगा खूप रडला. त्याच्या रडण्यात पिल्लू गेल्याचे दुःख किती आणि आपण त्यास आईपासून उचलले याचे किती, हे मला सांगता येणार नाही. आम्ही कोणी त्याची समजूत घातली नाही; त्याच्या आईने फक्त त्याला जवळ घेतले.

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. वैश्वदेवानंतर काढावयाच्या भागांत गाय, कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही भाग असतो. मनूने श्वानाचा उल्लेख स्पष्ट केला आहे. आपल्या आजच्या घरांतून वैश्वदेव बहुतांशी गेला, पण त्याचा अर्थ गेला असे म्हणवत नाही. बीजींच्या घरी त्या दिशेकडील रीतीप्रमाणे पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची असते. लक्षात घेण्याजोगे हे की या यज्ञात कुत्रा यजमानाच्या मालकीचा नसतो. तो कोणाचाही असतो किंवा कोणाचाच नसतो. आपल्या नामदेवांची कथा याच ठिकाणी आठवते. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, असे परंपरा सांगते. त्याच नामदेवांनी आयुष्याचा मोठा काळ पंजाबात घालविला. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत, आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही त्या गावी भरले होते. मी मुलास ती कथा सांगितली आणि नामदेवांनी त्या कुत्र्यास घरी नेल्याचे कथेत नाही, एवढे बोलून थांबलो. त्याने विचारले, “कारण त्यांचेही घर भाड्याचे होते का?” मी हसलो, पण मुलगा हसत नव्हता.

हे सांगताना एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. भूतयज्ञाच्या नावाखाली वाटेल तेथे अन्न टाकून ये-जा करणाऱ्या वृद्धांस व मुलांस कुत्र्यांचा उपद्रव होऊ देणे हा यज्ञ नव्हे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुत्र्यांस अन्न घालण्यास मनाई करून त्यासाठी नगरसंस्थांनी ठराविक जागा नेमाव्यात, आणि निर्बीजीकरण व लसटोचणी झालेली कुत्री, पिसाळलेली व हिंस्र वगळून, त्यांच्या मूळ जागी सोडावीत असा आदेश दिला. म्हणून भावाने आधी महानगरपालिकेकडे जागेची आणि लशीची चौकशी करावयाची, मग पोळी न्यावयाची, असे ठरले. अलर्काचा, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचा, रोग एकदा लक्षणे दिसू लागली की बहुधा प्राणघातकच असतो. त्या बाबतीत भावनेस स्थान नाही.

घराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. करार एप्रिलमध्ये संपतो. प्राणी ठेवू देणारे घर थोडे दूर आणि थोडे महाग मिळते, अशी माहिती भावाच्या पत्नीने काढली आहे. पिले तोवर आईपासून वेगळी होण्याच्या वयाची होतील. भाऊ कागदावर आकडे मांडतो आहे: भाडे, दवाखाना, सुट्टीत गावी जाताना काय करावयाचे, आणि कंपनीने बंगळूरला पाठविले तर काय. त्याने मुलास अजून ‘हो’ म्हटलेले नाही. म्हटले तर ते बारा वर्षांसाठी म्हणावे लागेल, हे त्याला आता कळले आहे, आणि म्हणूनच तो विलंब लावतो आहे. मला तो विलंब आवडला.

मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाने विचारले, “काका, वाटेत युधिष्ठिराने त्या कुत्र्याला काय खायला दिले?” मी ग्रंथ काढून पाहिला. पांडव उपवास करून निघाले होते एवढे तेथे आहे. श्वानाच्या अन्नाविषयी काही लिहिलेले नाही. तसे मी त्यास सांगितले. त्याने थोडा विचार केला. “लिहायचे राहिले असेल,” असे म्हणून तो बीजींकडची शेवटची पोळी आणावयास जिना उतरून गेला.